पडायची दांडी

भिलाई
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

आदरणीय दयाराम भाऊजी,

जयभीम. फोनवर तुमाले ऐकू येत नाही, आणि ओरडून बोललेली साधी गोष्टही मले भांडणासारखी वाटते, म्हणून कागद काढला. एका कामात तुमचा सल्ला पाहिजे. म्हणजे काम सुरू झालेलं आहे, फक्त तुमच्या नजरेखालून जावं. रेल्वेच्या श्वानपथकात तुम्ही सव्वीस वर्षं कुत्री शिकवली. आपल्या नात्यात दुसऱ्या कोणाला शिट्टीसुद्धा धड वाजवता येत नाही.

आमच्याकडे एक कुत्री आहे, गिट्टी. हथखोजला माझ्या दोस्ताचं वेल्डिंगचं शॉप आहे, तिथं लोखंडी अँगलच्या थप्पीखाली सापडली. अंगावर काळे-करडे ठिपके, रेल्वेलाइनच्या गिट्टीसारखे, म्हणून हे नाव. खांद्यापाशी उंची ४४५ मिलिमीटर. वजन साडेबारा किलो (तिला घेऊन काट्यावर उभा राहिलो आणि माझे ७८ वजा केले). वय पंधरा महिने.

तिला मी एजिलिटी शिकवून राहिलो. कुत्र्यानं मालकाच्या इशाऱ्यावर अडथळ्यांची शर्यत पळायची: दांडीवरून उडी, बोगद्यातून आरपार, रांगेत रोवलेल्या बारा काठ्यांतून नागमोडी. इथल्या एका मैदानावर दर रविवारी एक कोच साहेबलोकांच्या विलायती कुत्र्यांना हे शिकवतो. मी गिट्टीला घेऊन गेलो, तर म्हणाला, "अंकल, ये तो देसी है. इसको गेट पर बाँधिए, बढ़िया भौंकेगी." सगळे हसले. गिट्टीनं शेपटी हलवली, तिला काय कळते. मी घरी आलो आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहून, नियम उतरवून घेऊन, वहीची चौसष्ट पानं भरली. ड्रॉइंग वाचायला तरी मले कोणी शिकवलं होतं? स्टील प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागलो. आज तिथल्या शॉपमधले इंजिनियर लोखंडावरचं माझं मार्किंग पाहून पुढं जातात.

आठ डिसेंबरला रायपूरला श्वानप्रदर्शन आहे. त्यात देशी कुत्र्यांसाठी नवशिक्यांची शर्यत ठेवली आहे. नाव दिलं. तो कोचही तिथं राहील.

प्रश्न एकच: उडी पुऱ्या उंचीवर केव्हा आणायची?

बाकी ठीक. शेवंता म्हणते, घरातला पंखा दुरुस्त करायला या माणसाला वेळ नाही. काल माझ्या चपलेत गिट्टीचा एक दात सापडला, तांदळाएवढा. चपलेची काय हालत असेल ते समजून घ्या.

तुमचा,
नागसेन


तुमसर
३० सप्टेंबर २०२४

नागसेन,

जयभीम. तुही ताई पोरीच्या बाळंतपणाले नागपूरले गेली, म्हणून पत्र मीच वाचलं आन् मीच एकटा हासलो. चौसष्ट पानं! मी सव्वीस वर्षं नोकरी केली, चौसष्ट ओळी नाई लिहिल्या. आमचा सीझर कोणतं पुस्तक वाचून बॅगेतला माल हुडके?

पंधरा महिन्याची म्हणतो, तर हाडं भरली. पिल्लू असतं तर सांगितलं असतं, वर्षभर उंच दांडीचं नाव काढू नको. तुही पक्की हाये. जमिनीवरून सुरू कर, हप्त्याले चार बोटं चढव, मंग दे पुरी उंची.

रोज दहा मिनिटं, जास्त नाई. थे थकाच्या आंधी तू थांब. चुकली तर मुकाट्यानं परत ने, तोंड वाकडं करू नको. कुत्र्याले तोंड वाचता येते, आन् तुहं तोंड तर लांबूनच वाचता येते.

त्या कोचचं मनावर घेऊ नको. पथकात येणारं एकही कुत्रं कोणाले दाखवाले उडी मारत नाई. थे तुह्यासाठी मारते. एवढं ध्यानात ठेव, बाकी चौसष्ट पानं राहू दे.

दयाराम


भिलाई
बुधवार, ९ ऑक्टोबर २०२४

आदरणीय भाऊजी,

तुमचं पत्र काल मिळालं. पुरी उंची देता येईल म्हणालात, बरं वाटलं. हप्त्याला चार बोटं तिला कमी पडतील. ती दोन दिवसांत शिकते. दोन्हीकडे विटा रचून वर बांबूची काठी ठेवली. २०० मिलिमीटर झालं, ३०० झालं, आज ४०० झालं. मी "हॉप" म्हणालो का ती माझ्या तोंडाकडे पाहतच उडते. खाली उतरली का लगेच मागं वळून पाहते, जमलं काय? अशी विचारणारी मुलं शाळेत असती तर मास्तर म्हातारे झाले नसते.

आता विटा बंद. पक्की उडी तयार झाली. दोन खांब, खाली सहा मिलिमीटरची बेस प्लेट, दांडी एक इंची पाइपाची, जमिनीपासून पुरी उंची, बरोबर ५००. चार ठिकाणी मोजली, फरक शून्य.

जोडणीत मी एक सुधारणा केली. व्हिडिओत त्या लोकांच्या दांड्या नुसत्या खोबणीत ठेवलेल्या असतात. कुत्र्याचा पाय लागला का दांडी खाली. एवढं मोठं नाव आणि फिटिंग असली कच्ची! आमच्या शॉपमध्ये असं काम कोणी हातात घेणार नाही. मी दांडी दोन्ही टोकांना वेल्ड केली. वर स्वतः उभा राहिलो, केसभर हलली नाही. विटांवरची काठी गिट्टी दहातून तीनदा पाडते. पक्की दांडी असली का पाडायची सवय आपोआप जाईल.

बुधवारी, १६ तारखेला, माझी साप्ताहिक सुट्टी. त्या सकाळी पहिली उडी. झाल्यावर कळवतो.

तुमचा,
नागसेन


तुमसर
१६ ऑक्टोबर २०२४

नागसेन,

पोस्टमन आत्ता दहा वाजता पत्र देऊन गेला. दांडी वेल्ड केली वाचलं आन् चहा अर्धाच ठेवला. तसाच फोन लावला. तू काय बोलला मले ऐकू आलं नाई, कानाच्या मशीनमधून नुसती शिट्टी वाजत होती. पण कोणीतरी उचलला एवढं समजलं. दहादा सांगितलं, दांडी काप, आज उडी नाई, दांडी काप. म्हणजे निरोप पोचला. तरी लिहून ठेवतो, कारण तू कागदाचा माणूस.

दांडी पडते ती फिटिंग कच्ची म्हणून नाई. पडाले म्हणूनच ठेवलेली असते. पळणाऱ्या जनावराची चूक दांडीनं आपल्या अंगावर घ्याची. दांडीनं नाई घेतली तर हाड घेते. आमी तर पथकात दोन खिळ्यांवर ठेवू. हे तुले पहिल्याच पत्रात लिहाले पायजे होतं, माहं चुकलं. पण दांडी कोणी वेल्ड करन असं मले सपनातही वाटलं नाई. हे भिलाईचाच माणूस करू जाणे.

तुले निरोप भेटला, आता माहा जीव खाली आला. कापली का पत्र टाक.

दयाराम


तुमसर
११ नोव्हेंबर २०२४

नागसेन,

महिना होत आला. कापली का नाई, उडाली का नाई, काहीच कागद नाई. तुह्या वेल्डिंगले नाव ठेवलं म्हणून रुसला काय? रुस, पण दोन ओळी लिहून रुस.

तुही ताई अजून नागपूरलेच हाये. तिले फोन कराले लावू काय?

दयाराम


भिलाई
१८ नोव्हेंबर २०२४

भाऊजीले शेवंताचा जयभीम.

यायले आलेल्या तुमच्या पत्रावरून पत्ता उतरवून घेतला. मले लिहाची सवय नाई, चुकीभुलीची माफी. ताईले अजून काही सांगू नका, थे बाळंतिणीपाशी हायेत.

त्या रोजी तुमचा फोन मीच उचलला होता. तुमी वरडून राहिले होते, दांडी काप, दांडी काप. मी म्हणत होती, भाऊजी, ते घरी नाईत, गिट्टीले डॉक्टरकडे घेऊन गेले. तुमाले ऐकू गेलं नाई. तुमी आणखी वरडले. मी आणखी वरडली. मंग तुमी "बरं झालं" म्हणून फोन ठेवला. मी मोबाइल हातात धरून किती वेळ उभी होती.

सकाळी साडेसहाले झालं. मी दारात होती. दोन उड्या चांगल्या झाल्या. तिसऱ्या खेपेले तिचे पुढचे पाय दांडीले लागले. विटांवरची काठी पडत होती, हेही पडन असं तिले वाटलं असन. दांडी हाललीच नाई. थे उलटी होऊन पलीकडे पडली, डावा पाय अंगाखाली. एकदम नाई रडली. पयले यांच्या तोंडाकडे पाहिलं, रोज पाहते तशी. मंग वरडली.

तुमच्या फोननंतर मी बी दवाखान्यात गेली, तवा डॉक्टरीणबाईनं पायाचा एक्स-रे फोटो काढला. वय विचारलं. हे म्हणाले, पंद्रह महीने. बाईनं फोटो उजेडात धरला, म्हणाली, "पंद्रह? भैया, हड्डी तो सात महीने की है." मीच सांगितलं, भीमजयंतीच्या आदल्या रोजी आणली, मुठीत मावत होती, बोटानं दूध पाजलं. हाड जिथून वाढते त्याच जागी मार लागला म्हणते. एक हाड वाढन, बाजूचं वाढणार नाई, पाय वाकडा होत जाईन. किती वाकडा होईन, ते आताच नाई सांगता येत म्हणाली.

तवापासून हे ड्युटीवर जातात, येतात, जेवतात. तुमाले पत्र लिहा म्हटलं तर म्हणतात, "काय लिहू? कोणता आकडा लिहू?" गिट्टी माह्या हातचं खाते. हे अंगणात आले का तीन पायांवर उठून भिंतीपाशी जाते. यायनं एक बोट बी नाई लावलं तिले कधी, रागावले बी नाई. तरी जाते. हे पाहतात आन् परत आत येतात. पंखा दुरुस्त झाला, मिक्सर झाला, नळ झाला. आता घरात दुरुस्तीले कायी राहिलं नाई.

तुमीच कायी सांगा त्यायले.

शेवंता


तुमसर
२५ नोव्हेंबर २०२४

नागसेन,

शेवंताचं पत्र भेटलं. तीनदा वाचलं. मी "बरं झालं" म्हणून फोन ठेवला होता, हे वाचल्यापासून कानाची मशीन लावाचं मन नाई होत.

मंग तुही जुनी पत्रं काढली. पयल्याच पत्रात लिहिलं हाये, चपलेत दात सापडला, तांदळाएवढा. दुधाचा दात. पंधरा महिन्याच्या कुत्र्याले दुधाचा दात कुठून येईन? सव्वीस वर्षं कुत्र्यांच्या तोंडात हात घातला, आन् ते वाक्य वाचून मी चपलेवर हासलो. तू खोटं लिहिलं, पण खरं बी त्याच कागदावर लिहिलं होतं. मी वाचलं नाई.

तुले शिव्या द्याले बसलो होतो, अर्ध्या मले लागल्या. तरी एक विचारतो. आयुष्यभर आकड्यावर जगला तू. हाच एक आकडा खोटा कावून लिहिला?

दयाराम


भिलाई
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

आदरणीय भाऊजी,

उत्तर सोपं आहे. खरं वय लिहिलं असतं तर तुम्ही थांब म्हणाले असते. मले थांब म्हणणारा माणूस नको होता. प्रदर्शनाच्या फॉर्मवर कमीत कमी पंधरा महिने लिहिलं होतं, ते मी तिच्या नावापुढं लिहिलं. एकदा लिहिल्यावर तुम्हालाही तेच लिहिलं. नंतर मलेच ते खरं वाटायला लागलं. तिची उंची मी आठवड्यातून दोनदा मोजत होतो, ती दर खेपेला वाढलेली निघत होती, आणि मी वहीत "प्रगती" लिहीत होतो. पंधरा महिन्यांचं कुत्रं उंच होत नाही, हे त्या वहीत कुठंच नव्हतं.

काल आठ तारीख होती. प्रदर्शनवाल्यांना मी आधीच लिहून कळवलं होतं का वय चुकीचं भरलं, नाव काढा. काल दिवसभर घरी होतो.

प्लास्टर निघालं. पंजा बाहेरच्या बाजूला वळून राहिला. डॉक्टर म्हणतात, वाढ थांबल्यावर मोठ्या शहरात ऑपरेशन होऊ शकते, पण त्याआधी काही करायचं नाही, थांबायचं. भाऊजी, पंचवीस वर्षं मी वाकलेलं लोखंड सरळ करून राहिलो. प्लेट कुठं तापवायची, किती, पाणी केव्हा मारायचं, हे मले विचारायला दुसऱ्या शॉपचे लोक येतात. हा पाय माझ्या डोळ्यासमोर रोज थोडा वाकते आणि मी रोज सकाळी उभा राहून पाहतो.

वेल्ड कापले. घरी नाही, हथखोजला नेऊन कापले. ग्राइंडरचा आवाज तिला नको. दोस्त म्हणाला, "अरे बावा, इतका मजबूत जोड तोडून कावून राहिला?" मी म्हणालो, "जास्त मजबूत झाला." तो हसला. पाइप आता अंगणात जमिनीवर ठेवला आहे. गिट्टी त्यावरून जात नाही, पूर्ण अंगण फिरून जाते.

तुम्ही लिहिलं होतं का ती उडी माझ्यासाठी मारते. म्हणून ठरवलं, ती माझ्यापाशी येईपर्यंत रोज संध्याकाळी अंगणात अर्धा तास बसायचं. ती किती लांब बसते ते मोजतो. पहिल्या दिवशी ६ मीटर २०. पाचव्या दिवशी ६ मीटर ५. वाटलं जमून राहिलं. दहाव्या दिवशी ६ मीटर ३५. काल ६ मीटर ४०. त्याच्यापुढं भिंत आहे.

आणखी काय करू ते सांगा. जे म्हणाल ते करतो.

नागसेन


तुमसर
१७ डिसेंबर २०२४

नागसेन,

अंतर मोजाले तू उठतो ना? टेप घेऊन तिच्याकडे जातो ना? तू उठला का थे सरकते. तूच तिले भिंतीपर्यंत नेलं, बाबू.

काय करू म्हणून विचारतो. कायीच करू नको. टेप घरात ठेव. वही घरात ठेव. खिशात बिस्किट बी नको. तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बस. हाक नको, चुकचुक नको, मागं पाहाणं नको. आली तर हात लावू नको. नाई आली तर तोंड वाकडं करू नको. पाठ असली तरी वाचते थे.

किती दिवस, विचारू नको. मले माहीत नाई. माह्या पथकातली एक कुत्री फटाक्यानं भिली, पुन्हा कधीच डब्यात चढली नाई. मी दोन वर्षं बसलो तिच्यापाशी. हे तुले आंधी सांगतो, मंग म्हणू नको का भाऊजीनं लपवलं.

पाइपाले काही करू नको. पडला हाये तसा राहू दे.

तुही ताई आली घरी. सगळं सांगितलं. रडली, मंग म्हणाली, नागसेन ल्हान होता तवाही घड्याळ खोलून बसे आन् ते बंद पडलं का जेवत नसे. शेवंताले म्हणा, त्याले जेवाले लाव.

दयाराम


भिलाई
रविवार, १२ जानेवारी २०२५

आदरणीय भाऊजी,

जयभीम. ताई आली, बरं वाटलं. बाळाचे फोटो रीनाच्या मोबाइलवर आले. रीना म्हणजे आमची शेजारीण, तिनं शेवंताला दाखवले. बाळ ताईवर गेलं.

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून बसून राहिलो. पहिला हप्ता फार जड गेला. कोणाकडे पाठ करून बसणं मले येत नाही, प्लांटमध्ये तर पाठीमागं काय चाललं हे न पाहणारा माणूस टिकत नाही. हात कुठं ठेवावे ते समजत नव्हतं. शेजारचा शुभम भिंतीवरून विचारून गेला, "अंकल, योगा शुरू किया क्या?" मी म्हणालो, हो. शेवंता पदर तोंडाला लावून आत गेली.

पायाचं सांगायचं तर आणखी वळला. किती अंश, ते डॉक्टरला मी विचारलं नाही. पावलाचा आवाज आता असा येतो: तीन सारखे, चौथा थोडा घासत. पाठ करून बसल्यामुळे हे समजलं. डोळ्यांनी पाहत होतो तेव्हा पंजाच दिसत होता.

परवा संध्याकाळी बसलो होतो. थंडी होती, शेवंता भाजी निवडत होती. तीन सारखे आणि एक घासत, असा आवाज भिंतीपासून निघाला. मी श्वास धरून बसलो. मग पाइप थोडा वाजला, म्हणजे तिचा पाय त्याला लागला असेल. पाइप गडगडला. चांगला हात-दोन हात गडगडला आणि थांबला. मले वाटलं, संपलं. आता परत जाईल. मी मागं पाहिलं नाही. भाऊजी, इतक्या वर्षांत माझ्या हातचं काम हललं आणि मी ते पाहायला वळलो नाही, असं कधी झालं नव्हतं.

आवाज बराच वेळ बंद होता. मग माझ्या पाठीमागं कोणी बसल्याचा आवाज आला, आणि तिचा श्वास ऐकू आला. तोंड उघडं ठेवून घेते तो. मी हात लावला नाही. तोंडही, माझ्या अंदाजानं, वाकडं केलं नाही. थोड्या वेळानं शेवंताच्या ताटाचा आवाज झाला आणि ती उठून तिकडं गेली. काल आली नाही. आजचं अजून माहीत नाही. पाच वाजता बसेन.

तुम्ही विचाराल, किती जवळ आली होती. ते मी नाही लिहू शकत. टेप घरात होता.

तुमचा,
नागसेन